कचकड्याची टाकी

मी गोबरगॅसची टाकी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. शेणाचं नाव काढलं की शिकलेली माणसं रुमाल शोधायला लागतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण माझी सगळी हकिकत शेणाचीच आहे, तिला अत्तर लावून सांगता येणार नाही. वास असेल तो माझ्या पोटात. अंगाला हात लावून बघा, कसं गुळगुळीत आहे.

माझा मुक्काम देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात, गहिनीनाथाच्या वस्तीवर, गोठ्याच्या मागं. तिथं जमिनीत विटांची एक विहीर बांधलीय. तिच्यात पाण्यात कालवलेलं शेण भरलंय आणि त्यावर मी पालथी बसलेय. शेण आंबलं की गॅस धरतो, गॅस धरला की मी वर येते. घरात शेगडी पेटली की हळूहळू खाली बसते. दिवसभर नुसती उठबस. लग्नघरातल्या करवलीलासुद्धा एवढी उठबस नसेल.

जन्म म्हणाल तर श्रीरामपूरचा. तिथं शांतवन नावाच्या ख्रिस्ती तरुणाचा लहानसा कारखाना आहे. हा मिशनच्या शाळेत शिकला आणि मुंबईला होड्या बनवणाऱ्यांकडे काही वर्षं कामाला राहिला. त्या होड्या लाकडाच्या नव्हेत. काचेच्या बारीक धाग्यांचं कापड राळेत भिजवायचं, साच्यावर थरावर थर द्यायचे, वाळलं की होडी तयार. विद्या घेऊन गडी गावी परत आला खरा, पण इथं ना समुद्र ना होड्या. मग त्याची नजर गेली गोबरगॅसच्या टाक्यांकडं. तोवर त्या सगळ्या लोखंडी असत. रात्रंदिवस शेणात बसून त्यांना गंज चढे, दरसाल रंग फासला तरी कडेनं भोकं पडत. काचेला कुठला आलाय गंज, असं म्हणत शांतवननं साचा केला आणि त्यावर मला थापलं. थापलंच म्हणते, कारण भाकरीला लागते तेवढीच हाताची मेहनत त्याला लागली. काचेच्या कुसांनी त्याचे हात आठवडाभर खाजत होते.

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर मला बैलगाडीत घालून इकडं आणलं. वस्तीवर ही गर्दी जमली. ज्यानं त्यानं बोटाच्या पेरानं मला टकटक वाजवून बघितलं. दोघा गड्यांनी मला सहज उचललं, तिथंच माझी किंमत उतरली. जड ते खरं आणि हलकं ते खोटं, अशी आपल्या माणसांची समजूत. कुणीतरी म्हणालं, ही तर कचकड्याची. झालं, जत्रेतल्या बाहुलीचं नाव मला कायमचं चिकटलं. त्यात वजन कमी म्हणून गॅसला दाब येईना, तेव्हा शांतवननं माझ्या डोक्यावर धोंडे ठेवले. आधी नाजूक करायचं आणि मग डोक्यावर धोंडे ठेवायचे, याला काय म्हणावं?

मी आले ती छबूबाईच्या डोळ्यांपायी. छबूबाई म्हणजे गहिनीनाथाची बायको. लग्न होऊन आली त्या दिवसापासून चुलीपुढं. ओलं पाचट, तुराट्या, गोवऱ्या, जे असेल ते घालायचं आणि फुंकणीनं फुंकत बसायचं. डोळ्यांत खुपऱ्या झाल्या, उजव्या बुबुळावर पांढरं आलं. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी गहिनीनाथाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की ही बाई धुरापुढून उठली नाही तर उजवा डोळा गेलाच समजा, आणि डावाही त्याच वाटेनं जाईल. गहिनीनाथ माणूस भला, पण अबोल. घरात दोन शब्द बोलायची वेळ आली की खांद्यावर टॉवेल टाकून मळ्यातल्या पाण्याच्या विहिरीकडं निघायचा. त्या दिवशी मात्र तो दवाखान्यातून थेट शांतवनच्या दारात गेला. शांतवनलाही नव्या टाकीसाठी गुराढोरांचं खटलं असलेलं घर हवंच होतं. गोठ्यात बैलजोडी, दोन गाई आणि म्हैस. माझ्या पोटाला तेवढं पुष्कळ होतं.

पहिल्यांदा शेगडी पेटली तेव्हा निळा जाळ बघून छबूबाई दोन पावलं मागं सरली. मग पुढं आली, वाकली आणि जाळाच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं नाही म्हणून ती बघत होती. माझ्यापासून स्वयंपाकघरात एक काळी प्लास्टिकची नळी गेलीय, तिच्यातून मला घरातलं सगळं ऐकू येतं. त्या दिवशी मी छबूबाईला गुणगुणताना ऐकलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता गोजरबाई. गहिनीनाथाची आई, या घराचा कणा आणि या गोष्टीचाही. पहिल्या दिवशी तिनं त्या जाळावरचा चहा आधी हुंगला, मग चाखला आणि कप पुढं करून आणखी मागून घेतला. ती काही आडमुठी नव्हती. सुनेचे डोळे तिलाही दिसत होते. तिच्या हातच्या गोवऱ्या गावात नावाजलेल्या. जाड, गोल, कडेला चीर न पडलेल्या. आता सगळं शेण माझ्याकडं येऊ लागलं आणि गोठ्याच्या भिंतीवर गोवऱ्या थापायचं बंद झालं. तिनं त्याबद्दलही तोंडातून अवाक्षर काढलं नाही. भिंतीवर जुन्या गोवऱ्यांचे गोल डाग तेवढे राहिले होते.

पण इकडं एक रीत आहे. गावात मयत झालं की घरटी गोवऱ्या निघतात. कुणी मागायला येत नाही. बाया आपापल्या ढिगातून पाटीभर काढून दारापुढं ठेवतात आणि गडीमाणसं गाडीत भरून स्मशानात नेतात. आज तुझ्या घरच्याला, उद्या माझ्या घरच्याला. ज्या घरातून गोवऱ्या जाणार नाहीत, त्या घराला कुणी देणार नाही, असं कुठं लिहिलेलं नाही. पण लहान पोरालाही ते माहीत असतं.

माझं पहिलं वर्ष सरायच्या आतच शेजारच्या वस्तीवरच्या राहीबाईचा सासरा गेला. गाडी दारोदार फिरत आमच्या दारी आली. गोजरबाई सवयीनं पाटी घेऊन गोठ्यामागं धावली आणि तिथं तशीच उभी राहिली. ढीग कुठं होता? चुलीला लागतात म्हणून होत्या तेवढ्या कधीच संपल्या होत्या. ती रिकामी पाटी घेऊन पुढं आली आणि म्हणाली, की लाकडं देते, गुरांच्या वाडग्यातली बाभळ तोडून न्या. गाडीवर श्रीमंत नावाचा राहीबाईचा दीर बसला होता. बाप गेलेला, रडून डोळे सुजलेले, अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नसतो.

"ऱ्हाऊ द्या, काकू," तो म्हणाला. "तुमच्याकडं गॅस हाय. तुमच्या येळंला नळी आना मसनात."

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. गाडी पुढं गेली आणि गोजरबाई पाटी हातात घेऊन दारातच उभी राहिली. सत्तरीला टेकलेली बाई, जिनं गावातल्या किती सरणांना आपल्या हातच्या गोवऱ्या दिल्या त्याची मोजदाद नाही, तिच्या दारावरून गाडी रिकामी गेली. मला त्या वेळी धरणीत गाडून घ्यावंसं वाटलं. तशी मी निम्मी गाडलेलीच होते म्हणा.

संध्याकाळी तिनं लेकाला ओट्यावर बसवून घेतलं.

"लोकांच्या गोवऱ्या मसनात जात्यात, गहिना. माझ्या तर अजून थापल्याबी न्हाईत."

गहिनीनाथ म्हणाला, की असं अभद्र कशाला बोलतेस, वेळ आली तर गाडीभर लाकडं आणीन. त्यावर ती म्हणाली, लाकूड विकत मिळतं, शेजार विकत मिळत नाही. गहिनीनाथानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो विहिरीकडं गेला.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी सुनेच्या आधी उठून गोठ्यात जाऊ लागली. निम्मं शेण उचलून पलीकडच्या बांधाला न्यायची आणि तिथं गोवऱ्या थापायची. उरलेलं निम्मं माझ्या वाट्याला यायचं. माझी उठबस कमी झाली. सकाळचा स्वयंपाक माझ्यावर व्हायचा आणि संध्याकाळी जाळ मध्येच भुरभुरून विझायचा. मग छबूबाई गुपचूप चुलीत तुराट्या सारायची. तिला सगळं कळत होतं. पण सासूच्या सरणाचं शेण सुनेनं कुठल्या तोंडानं मागावं? आणि सासूनं तरी काय सांगावं, की मला जाळायला हवंय म्हणून तू आंधळी हो? दोघी एकमेकींशी मीठ-पिठापुरतं बोलायच्या. नळीतून मला आता नुसती भांडी वाजलेली ऐकू यायची.

मला दोघींचाही राग येई आणि दोघींची कीवही येई. पण खरा राग येई तो गहिनीनाथाचा. दोन बाया शेणाच्या एका पाटीवरून आतल्या आत झुरताहेत आणि हा गडी विहिरीच्या काठावर बसून पाण्यात खडे टाकतोय. अरे बाबा, जिभेला काय हाड आलं होतं का तुझ्या?

तशात बहात्तरचा पावसाळा कोरडाच गेला. आदल्या सालीही पाऊस बेताचाच होता, या वेळी त्यानं तोंडच दाखवलं नाही. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या मिळेनात. ऊस उभ्या जागी वाळला आणि ज्या विहिरीच्या जिवावर गहिनीनाथ गप्प बसत होता तिचा तळ दिसू लागला. चारा संपला तसे बैल आणि गाई गुरांच्या छावणीत नेऊन बांधल्या. घरी एकटी म्हैस राहिली, तीही गाभण आणि हाडाडलेली. ती शेण टाकणार किती? त्यातही म्हातारीची वाटणी आधी निघायची. मी खाली खाली बसत गेले आणि शिमग्याच्या आसपास शेगडी साफ विझली.

छबूबाई पूर्णपणे चुलीवर आली. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिळत होता. त्याच्या भाकरीला चिकटपणा नाही, थापता थापता तुटते, पुन्हा गोळा करायची, पुन्हा थापायची. एरवीच्या दुप्पट वेळ धुरात जायचा. तिचा उजवा डोळा आता नावालाच होता. डाव्यालाही झापड येऊ लागली होती, पण ती घरात कुणाला सांगत नव्हती.

एका दुपारी गोजरबाई उंबऱ्यात बसून मिलोतले खडे वेचत होती. स्वयंपाकघराचं दार माझ्या समोरच आहे, त्यामुळं मलाही दिसत होतं. छबूबाईनं भाकरी दोन्ही हातांवर घेतली, जपून खाली सोडली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि उलथण्याची वाट बघत बसली. भाकरी तव्यावर नव्हती. तव्याच्या शेजारी, राखेत होती. गोजरबाईचे हात सुपातच थांबले. मग ती उठली, ती भाकरी तिनं राखेतून काढली, पदरानं झटकली आणि आपल्या ताटात घेतली. जेवताना कचकच दाताखाली राख येत असणार. तिनं ती सगळी खाल्ली आणि सुनेला काहीच कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ छावणीत गेलेला आणि छबूबाई टँकरच्या रांगेत. गोजरबाई बांधाकडं गेली. तिथं तिनं वर्षभर जमवलेल्या गोवऱ्या रचून, वरून शेणानं लिंपून ठेवल्या होत्या. ते लिंपण तिनं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, फोडलं. खेपांवर खेपा करून सगळ्या गोवऱ्या माझ्यापाशी आणल्या, बडवून बडवून त्यांचा भुगा केला, घरातलं प्यायच्या पाण्याचं पिंप त्यावर रिकामं केलं आणि तो काला शेण आत सोडायच्या नळातून माझ्या खालच्या विहिरीत लोटला. घामानं निथळत होती. मध्येच माझ्या अंगावर हात टेकून उभी राहिली आणि माझ्याशी बोलली. त्या घरात माझ्याशी बोललेलं ते पहिलंच माणूस.

"घे, खा," ती म्हणाली. "माझ्या मरनाचं तुझ्या पोटात घालते हाय. तिला जाळ दे."

काय सांगू मी तिला? गॅस धरतो तो ओल्या शेणाला. वाळलेल्या गोवरीतला सगळा जीव उन्हानं ओढून घेतलेला असतो. ती चुलीत जळेल, सरणात जळेल, पण पाण्यात भिजवली म्हणून पुन्हा शेण होत नाही. आयुष्यभर शेणात हात घातलेल्या बाईला हे माहीत नव्हतं असं नाही. पण गोवरीला जाळ आहे आणि टाकीतही जाळच होतो, एवढा साधा हिशोब तिनं केला. मायेनं केलेली चूक ती. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

व्हायचं तेच झालं. तो भुगा आत जाऊन वर तरंगला आणि त्याची हातभर जाड खपली धरली. मी तिच्यात एका अंगावर अडकून बसले, मला वरही येता येईना आणि खालीही जाता येईना. दोन दिवसांनी गहिनीनाथानं बघितलं, पहार आणली आणि कडेनं घालून मला उचकटायला गेला. लोखंडी टाकी असती तर पोचा आला असता. माझ्या कडेपासून वर कपाळापर्यंत तडा गेला.

आवाज ऐकून दोघी बाहेर आल्या. गहिनीनाथ पहार टाकून डोकं धरून बसला आणि म्हणाला, की आत कुणी काय घातलंय कळेना, नुसता भुगा आहे.

"माझ्या गोवऱ्या हायेत त्यात," गोजरबाई म्हणाली.

मग सगळं एकदम सगळ्यांना कळलं. छबूबाई खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. डॉक्टरांनी तिला डोळ्यांना त्रास देऊ नको असं बजावलं होतं, पण असं रडू काय डॉक्टरांना विचारून येतं? गॅस गेला, गोवऱ्या गेल्या, पिंपातलं पाणीसुद्धा गेलं. मला माझ्या तड्याचं दुःख नव्हतं. म्हातारीनं आपलं होतं नव्हतं ते माझ्या हवाली केलं आणि मी तिला एक चहा होण्यापुरता जाळ देऊ शकले नाही, हे मला लागलं.

शांतवनला निरोप गेला. तो काचेचं कापड आणि राळेचा डबा घेऊन आला. गहिनीनाथानं आणि त्यानं मिळून खपली उपसली, मला धुऊन उन्हात ठेवलं. तडा घासून त्यावर शांतवन थर देऊ लागला. देता देता त्यानं विचारलं, की हे झालं कसं? गहिनीनाथ खपलीचा ढीग फावड्यानं लोटू लागला. तेव्हा गोजरबाईनंच त्याला पहिल्यापासून सांगितलं. गाडी, रिकामी पाटी, श्रीमंतचं बोलणं, सगळं.

शांतवनचा हात थांबला. "आजी, टाकी करताना मी सगळा विचार केला होता," तो म्हणाला. "जनावरं किती, खाणारी तोंडं किती, शेण किती लागेल. हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्यात मातीत ठेवतात ना."

"मातीत ठेवत्यात म्हंजी शेन लागत न्हाई," गोजरबाई म्हणाली.

"नाही लागत."

शांतवनचं काम संपलं, तो हात पुसू लागला, तेव्हा तिनं लेकाला हाक मारली.

"गहिना, मला मातीत ठेव. नाथपंथी गोसाव्यांना ठेवत्यातच की. तुझं नावबी नाथाचंच हाय. माझ्या वाटनीचं शेन टाकीत घालीत जा."

गहिनीनाथाचा हात खांद्यावरच्या टॉवेलाकडं गेला. छबूबाई मात्र आतून तरातरा आली. मी आल्यापासून तिला सासूपुढं आवाज चढवून बोलताना ऐकलं नव्हतं.

"आत्याबाई, असलं वंगाळ बोलू न्हाई. माझं डोळं गेलं तर काठी घेऊन चालंन मी. पन तुमाला पाटीभर गोवऱ्या मिळाल्या न्हाईत, आसं गाव म्हनलं, तर मी कुनाला तोंड दावू?"

आणि त्या दोघींचं जुंपलं. आजवर मुकाट्यानं आपापल्या बाजूला शेण ओढणाऱ्या बाया आता ते एकमेकींकडं ढकलू लागल्या. शांतवन बिचारा राळेचा डबा घेऊन मध्ये उभा. शेवटी तो मला माझ्या विहिरीवर बसवून, डोक्यावर धोंडे ठेवून निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, की टाकी पक्की झालीय, पण एका म्हशीच्या शेणावर ती चालायची नाही.

पुढं रोज सकाळी तेच. म्हैस शेण टाकायची, म्हातारी ते उचलून कालवायच्या टाक्यात आणून टाकायची. तिची पाठ वळली की छबूबाई चाचपडत यायची, त्यातलं ओंजळभर काढून बांधाला न्यायची आणि अंदाजानंच गोवरी थापायची. संध्याकाळी म्हातारी ती ओली गोवरी उचलून पुन्हा माझ्याकडं आणायची. एवढ्याशा शेणाची अशी ओढाताण, आणि त्यात ना गोवरी वाळे ना गॅस धरे. चूल मात्र म्हातारीनं स्वतःकडं घेतली. सुनेला हाताला धरून तिनं चुलीपुढून उठवलं आणि स्वतः धुरात बसली. माझ्या डोळ्यांनी आता काय बघायचं राहिलंय, म्हणाली. खोकून खोकून तिची छाती भरायची आणि आत छबूबाई भिंतीला टेकून बसलेली असायची. हे सगळं गहिनीनाथ बघत होता. विहिरीला पाणी नव्हतं, तरी सवयीनं तिकडं जाऊन यायचा.

चैत्राच्या अखेरीस एक दिवस दोघींची पुन्हा त्या एका पाटीवरून बाचाबाची झाली. पाटी इकडून तिकडं ओढली गेली आणि शेण मातीत सांडलं. गोजरबाई गुडघ्यांवर बसून ते मातीसकट गोळा करू लागली. गहिनीनाथानं खांद्यावरचा टॉवेल काढला. मला वाटलं, निघाला विहिरीकडं. त्यानं टॉवेलाची चुंबळ केली, आईच्या हातातली पाटी घेतली आणि डोक्यावर ठेवली.

"आई, तुला मी मातीत पुरनार न्हाई," तो म्हणाला. "आन् हिलाबी आंधळी हू देनार न्हाई."

"मग शेन कुठनं आननार, बाबा?"

"आपली बैलं छावनीत हायेत. त्यांचं शेन आपलंच की."

आता हे तुम्हाला साधं वाटेल. पण आमच्याकडं ओल्या शेणाची पाटी बाईच्या डोक्यावर असते. बाप्या फावड्यानं उकिरडा उपसेल, गाडीत खत भरेल, पण डोक्यावर शेणाची पाटी घेऊन रस्त्यानं चालणार नाही. त्यातून हा बागायतदार, लग्नाकार्यात पुढच्या ओळीला बसणारा. गाडी होती, पण ती ओढणारे बैलच छावणीत. सायकलला बांधून बघितलं, तर ओलं शेण वाटेतच सांडलं. मग डोक्याशिवाय दुसरा मार्ग राहिला नाही.

पहिल्या दिवशी छावणीतल्या माणसांनी त्याला शेण द्यायला आधी नाही म्हटलं, आणि आपल्याच जनावरांचं मागतोय म्हटल्यावर द्यायला लागले तेव्हा हसले. येताना चावडीपुढून यावं लागतं. तिथं बसलेली माणसं बोलायची थांबली. एकानं विचारलं, की गहिनीनाथराव, घरातल्या बाया मेल्या का सगळ्या? हा थांबला नाही. घरी येऊन पाटी उतरवली तेव्हा कानामागून शेणाचे ओघळ मानेवर आले होते. छबूबाईनं आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसलं. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून ती बोटांनी चाचपून पुसत होती.

त्याला आता महिना होत आला. तो रोज जातो. सकाळी एक खेप, उन्हं उतरल्यावर एक. पाटी आली की गोजरबाई शेणाचे दोन वाटे करते, एक माझा आणि एक गोवऱ्यांचा. माझा वाटा ती जरा मोठा करते. तिची नजर चुकली की छबूबाई माझ्यातलं मूठभर काढून पलीकडं टाकते. मी काही बोलत नाही. माझ्या पोटात पुन्हा थोडा थोडा गॅस धरू लागलाय. परवा सकाळच्या भाकरी निळ्या जाळावर झाल्या, संध्याकाळच्या अजून म्हातारीच चुलीवर करते. डॉक्टर म्हणाले, उजवा गेला, डावा राहील असं दिसतंय. बांधावर गोवऱ्यांची पहिली रास लागलीय. अजून कुणी मेलेलं नाही, पण उद्या कुणी गेलं तर आमच्या दारातून पाटी निघेल.

मी कचकड्याची असेन, पण अजून पुष्कळ वर्षं टिकणार आहे. शांतवनला माझ्यासारख्या आणखी टाक्या करायच्या आहेत. कराव्यात, जरूर कराव्यात. फक्त ज्या घरी द्यायची तिथल्या म्हातारीपाशी आधी घडीभर बसावं आणि शेण तिला कशाकशाला लागतं ते विचारून घ्यावं. आणि तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. देवळालीच्या वाटेला कधी आलात आणि डोक्यावर शेणाची पाटी घेऊन चाललेला कुणी बाप्या दिसला, तर हसू नका. मान ताठ ठेवून चालावं लागतं, त्याला वाकून पायाखालचं बघता येत नाही. तुम्हीच बाजूला व्हा आणि त्याला वाट द्या.